बाळाच्या श्वासाला आवाज येतो तेव्हा



मागच्या पावसाळ्यात सातपुड्यातल्या एका पाड्यावरून तीन आठवड्यांची एक मुलगी आमच्या दवाखान्यात आली. आई पहिलटकरीण, सोबत आजी. मुलगी आजीच्या हातावर पालथी होती आणि बऱ्यापैकी शांत होती. मी तपासण्यासाठी तिला टेबलावर उताणी ठेवली आणि लगेच तिच्या श्वासाला आवाज येऊ लागला. कर्कश, ओढून घेतल्यासारखा, आणि फक्त श्वास आत घेताना. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत जात होती. आजीने मला न विचारताच तिला उचलले आणि पुन्हा पालथी धरली. आवाज कमी झाला.

"अशीच धरावी लागते, सिस्टर. रात्रभर आळीपाळीने धरतो," आजी म्हणाली.

निम्मे निदान आजीच्या त्या वाक्यातच होते. मी ते ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. मी घड्याळ घेऊन श्वास मोजले. मिनिटाला ६४ भरले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका, हे आम्हाला पाठ आहे. छातीही आत ओढली जात होती. त्याआधी दोन ठिकाणी तिला सर्दीचे आणि न्यूमोनियाचे औषध मिळालेले होते. आम्ही तिसऱ्यांदा न्यूमोनियाचेच उपचार सुरू केले. औषध बदलले, पण निदान तेच राहिले.

चौथ्या दिवशी बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आले. त्यांनी श्वास मोजण्याआधी आईला तीन गोष्टी विचारल्या. ताप कधी होता का? नव्हता. आवाज कधीपासून येतो? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. दूध कसे पिते? दोन घोट घेते, तोंड सोडते, धापा टाकते, पुन्हा घेते. मग त्यांनी वजन पाहिले. जन्माच्या वेळी २ किलो ७०० ग्रॅम होते, आता अडीच किलो. "हा न्यूमोनिया नाही. वाट वरच अडलेली आहे," असे म्हणून त्यांनी तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा जिभेच्या अगदी मुळाशी, श्वासनलिकेच्या झाकणावर रेललेली, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, पाण्याने भरलेली गुळगुळीत गाठ दिसली.

या अंकातला आरोग्यपाठ त्या गाठीविषयी आहे. असा आजार विरळा आहे, रोज पाहायला मिळणारा नाही. पण वेळेत ओळखला तर एका लहानशा शस्त्रक्रियेने मूल पूर्ण बरे होते, आणि ओळखला नाही तर एखाद्या रात्री अचानक दगावते. अशा मृत्यूची नोंद बहुधा "न्यूमोनिया" म्हणूनच होत असेल.

घशात नेमके काय असते?

आपण तोंड उघडून आरशात पाहतो तेव्हा पडजीभ दिसते. अनेकांना वाटते की घसा तिथेच संपतो. खरे तर श्वासाचे दार त्याच्या बरेच खाली, जिभेच्या मुळामागे असते. त्या दाराशी पानासारखे एक उभे झाकण असते. आपण गिळतो तेव्हा ते श्वासाची वाट झाकायला मदत करते, म्हणून अन्न अन्ननलिकेत जाते. जिभेचे मूळ आणि हे झाकण यांच्यामध्ये दोन उथळ खळगे असतात. आपल्या मुलीची गाठ तिथेच होती. बाहेरून मानेला हात लावून ती कळत नाही आणि टॉर्च मारून, जीभ दाबूनही बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून तीन ठिकाणी तपासूनही ती सापडली नाही, यात नवल नाही.

ही गाठ होते कशी? बहुतेक वेळा त्या जागेच्या ओलसर अस्तरातल्या एखाद्या चिकट पाझर सोडणाऱ्या ग्रंथीचे तोंड बंद होते. पाझर आत साठत जातो आणि पिशवी फुगते. काही बाळांत कारण वेगळे असते. आपली थायरॉईड ग्रंथी गर्भात आधी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली मानेत उतरते. साधारण सातव्या आठवड्यापर्यंत ती आपल्या जागी पोहोचते. ज्या बारीक नळीच्या वाटेने ती उतरते, ती नळी पुढे विरून जाते. कधी तिचा एखादा तुकडा मागे राहतो आणि त्यात द्रव साठतो. मुलगा-मुलगी भेद नाही, आईच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही, ग्रहणाशी तर मुळीच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या मुलीच्या आईने मला पहिला प्रश्न हाच विचारला होता की, "माझ्याकडून काय चुकलं?"

"गाठ" हा शब्द ऐकला की आपल्याकडे कर्करोगाचीच आठवण होते. ही तशी गाठ नव्हे. पाण्याचा फुगा म्हणा. तिचा दोष एवढाच की ती नको त्या जागी असते.

जन्मजात म्हटले तरी आवाज जन्मल्याबरोबर येईलच असे नाही. पिशवी हळूहळू भरते, म्हणून पुष्कळदा पहिले काही दिवस, कधी एक-दोन आठवडेही बरे जातात आणि मग घरघर सुरू होते. त्यामुळे घरच्यांना वाटते की थंडी लागली, कुणाची नजर लागली, किंवा आंघोळीचे पाणी घशात गेले.

एवढ्याशा गाठीने एवढे काय होते?

शरीरशास्त्रात विद्यार्थ्यांना एक हिशेब शिकवतात. तो मला फार उपयोगी वाटतो. नवजात बाळाच्या श्वासमार्गातली सर्वांत अरुंद जागा साधारण ४ मिलिमीटर रुंद असते. तिथे चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटर सूज आली, तर वाट २ मिलिमीटरची राहते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते. हवा आत ओढायला लागणारा जोर मात्र चौपट नव्हे, सुमारे सोळापट होतो. तीच १ मिलिमीटर सूज मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेत आली, तर निम्म्याहून जास्त वाट मोकळी राहते. आपला घसा बसतो तेवढ्याच कारणाने बाळाचा जीव जाऊ शकतो, तो असा.

जिभेमागची गाठ या अरुंद जागेच्या वर असते, पण परिणाम तोच. दाराच्या चौकटीत पोते आडवे टाकावे तसे. बाळ उताणे असले की जीभ आणि गाठ दोन्ही मागे, दारावर पडतात. पालथे केले की पुढे येतात आणि वाट थोडी मोकळी होते. आजीने हे तीन आठवड्यांत स्वतःच शोधून काढले होते. आम्ही पुस्तकातून शिकलेलो होतो, तरी आमच्या आधी तिला कळले होते.

दूध पिताना त्रास का होतो, तेही समजून घेऊ. लहान बाळाचे स्वरयंत्र आपल्यापेक्षा बरेच वर, जवळजवळ नाकाच्या मागच्या वाटेला टेकलेले असते. म्हणून बाळ तोंडाने दूध ओढता ओढता नाकाने श्वास घेऊ शकते. गाठीमुळे हा मेळ बिघडतो. बाळ दोन घोट घेते आणि श्वासासाठी स्तन सोडते, ठसकते, कधी ओठ निळे पडतात. भूक असते, पण पिण्याचे श्रमच जास्त होतात. निरोगी बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत येते. तिसऱ्या आठवड्यातही ते खालीच असेल आणि श्वासाला आवाज असेल, तर या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. आम्ही त्या दोन वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या होत्या.

श्वास मोजावा, तसा ऐकावाही

श्वास मोजण्याची पद्धत खेड्यापाड्यांत रुजवण्याचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, ती रीतही गडचिरोलीतल्या घरगुती नवजात बालसेवेच्या कामावरूनच पुढे आली. या मोजणीने असंख्य मुले वाचली आहेत, आणि मी तिच्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाही. न्यूमोनिया हाच आपला खरा आणि नेहमीचा शत्रू आहे. पण मोजणीने एवढेच कळते की बाळ संकटात आहे. वाट कुठे अडली आहे, ते आवाजावरून कळते.

नाक चोंदले असेल तर आवाज घोरल्यासारखा, फुरफुरणारा येतो आणि बाळ रडायला लागले की कमी होतो, कारण तोंड उघडते. अडथळा जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राच्या वर असेल, तर कर्कश आवाज श्वास आत घेताना येतो. डॉक्टर याला स्ट्रायडर म्हणतात. स्वरयंत्राच्या खालची वाट अरुंद असेल तर आत-बाहेर दोन्ही वेळा येतो. छातीतल्या बारीक नळ्यांचा दोष असेल तर श्वास सोडताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. न्यूमोनियात श्वास जलद असतो, बहुधा ताप किंवा थंड पडणे असते, पण मोठा कर्कश आवाज सहसा नसतो. रडणेही ऐकावे. तोंडात काही धरून बोलल्यासारखे दबके रडणे जिभेमागच्या गाठीकडे बोट दाखवते, तर बसलेला, क्षीण आवाज स्वरयंत्रातल्या दोषाकडे. स्वरयंत्रातच निघणारी एक जन्मजात गाठही असते, आणि तिचा त्रास कधी पहिल्याच दिवशी सुरू होतो.

आता घाबरू नका. तुमच्या घरातले प्रत्येक घुरघुरणारे नातवंड गाठीचे नसते. तान्ह्या बाळाच्या श्वासाला असा कर्कश आवाज येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे स्वरयंत्राचे कवच मऊ असणे. त्याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. त्यातही उताणे केल्यावर आवाज वाढतो, पण बहुतेक मुले दूध नीट पितात, वजन वाढते, आणि वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत आवाज आपोआप जातो. घोटाळा असा की दोन्हींचा आवाज सारखाच. शिवाय जिभेमागे गाठ असलेल्या काही बाळांचे स्वरयंत्रही मऊ असते. म्हणून "मऊ आहे, मोठी झाली की जाईल" हे वाक्य दुर्बिणीतून पाहिल्यावरच बोलावे. नाकातून सरकवायची बारीक, लवचिक दुर्बीण बाळ जागे असताना काही मिनिटांत हे सांगते.

मानेवर बाहेरून दिसणाऱ्या मोठ्या जन्मजात गाठी वेगळ्या असतात. त्यातल्या पुष्कळ गर्भारपणातल्या सोनोग्राफीत दिसतात, आणि अशा बाईचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे. जिभेमागची लहान गाठ मात्र सोनोग्राफीत क्वचितच दिसते.

वाटेत काय करावे

पाड्यावरून झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून जीप, मग रुग्णवाहिका. पावसाळ्यात चांदसैलीसारख्या घाटात दरड आली की रस्ताच बंद. या प्रवासात बाळ कसे नेले, यावर पुष्कळ अवलंबून असते. त्याला ज्या बाजूवर श्वास सोपा जातो, त्याच बाजूवर ठेवावे. सर्वांत चांगली जागा म्हणजे आईची उघडी छाती. बाळ पालथे, उभट, मान फार वाकलेली नाही आणि मागे टाकलेली नाही, तोंड एका बाजूला आणि सतत दिसेल असे. ऊबही मिळते. कापडात पूर्ण गुंडाळून तोंड झाकू नये. आता बरे वाटते म्हणून झोळीत उताणे तर मुळीच ठेवू नये. (धडधाकट बाळाला झोपवताना उताणेच झोपवावे. पालथे धरण्याची ही सूचना फक्त अशा आजारी बाळासाठी, आणि तीही कुणी जागे राहून पाहत असताना.)

श्वास जोरात लागला असेल तर तोंडाने काही देऊ नये. ना गुटी, ना मध, ना चमच्याने पाणी. घशात बोट घालून कफ काढायचा प्रयत्न करू नये. गाठीला धक्का लागून सूज आली तर उरलेली वाटही बंद होते. वाफेने ही गाठ कमी होत नाही. ओठ निळे पडणे, श्वास मधेच थांबणे, दूध पूर्ण सोडणे, यांपैकी काही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि "बाळाच्या घशात अडथळा आहे, ऑक्सिजन लागेल" असे स्पष्ट सांगावे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात तपासण्या, उपचार, औषधे आणि वाहन मोफत मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हा हक्क आहे, उपकार नव्हे. आपले कार्यकर्ते हे कुटुंबाला सांगतातच, पण तुम्हीही ओळखीच्या लोकांना सांगा.

मोठ्या रुग्णालयात

शस्त्रक्रिया तशी लहान असते. तोंडातूनच दुर्बीण घालून गाठीचे छप्पर कापून ती उघडी करतात किंवा पूर्ण काढतात. मानेवर चीर नाही, बाहेर टाके नाहीत. अवघड असते ते भूल देणे. बाळ बेशुद्ध झाले की घशाचे स्नायू सैल पडतात आणि गाठ दार पूर्ण बंद करू शकते, शिवाय श्वासाची नळी घालायची तीच वाट गाठीने अडवलेली असते. म्हणून हे काम लहान मुलांच्या अनुभवी भूलतज्ज्ञाचे आहे, आणि सर्जन मानेतून श्वासाची वाट करण्याच्या तयारीने शेजारी उभे असतात. जीव वाचवण्यासाठी कधी सुईने गाठीतले पाणी काढतात. तेवढ्याने त्या रात्रीचे संकट टळते, पण पिशवी पुन्हा भरते.

आणखी एक खबरदारी मला या मुलीमुळेच कळली. जिभेच्या मुळाशी दिसणारा प्रत्येक उंचवटा पाण्याची गाठ नसतो. एखाद्या बाळाची थायरॉईड खाली उतरलेलीच नसते आणि तिथेच बसलेली असते. ती गाठ समजून काढली, तर मुलाची एकमेव थायरॉईड गेली. म्हणून आधी मानेची सोनोग्राफी करून थायरॉईड आपल्या जागी आहे ना, हे पाहतात. त्या एका दिवसाच्या उशिरासाठी मुलीचे वडील आमच्यावर चिडले होते. त्यांना हे आधीच समजावून सांगायला हवे होते.

भगत, डाग आणि आपण

मेळघाटापासून सातपुड्यापर्यंत अजूनही काही बाळांना पोटफुगीवर किंवा श्वास लागल्यावर तापल्या लोखंडाचे चटके दिले जातात. तसे बाळ पाहिले की राग येतो, आणि तो यावाच. पण तीन दवाखान्यांतून तीन बाटल्या आणून बाळाचा आवाज गेला नाही, तर चौथ्या वेळी आई भगताकडे जाईल यात तिच्या अडाणीपणापेक्षा आमच्या चुकलेल्या निदानाचा भाग मोठा आहे. या मुलीच्या घरी भगत येऊन गेला होता. त्याने डाग दिला नाही, "हे माझ्या हातचे नाही, खाली न्या" असे सांगितले. त्या दिवशी त्याने आमच्यापेक्षा चांगले निदान केले, असे मी आमच्या बैठकीत म्हटले, आणि कुणी हरकत घेतली नाही.

मंडळीतले काही जण विचारतात की उपचार आणि वाहन सरकारी मोफत असताना आपली देणगी कशाला लागते. या एका मुलीसाठी ती अशी लागली: वडिलांची अकरा दिवसांची मजुरी बुडाली, आजीचे जेवण, परतीचे जीपभाडे, आणि मुख्य म्हणजे आपली एक कार्यकर्ती अकरा दिवस रुग्णालयात त्यांच्याजवळ राहिली, कारण आईला पावरी बोलता येत होती आणि वॉर्डात ती कुणालाच येत नव्हती. ती नसती तर दुसऱ्या दिवशीच, सोनोग्राफीच्या उशिरावरून, हे कुटुंब मुलीला घेऊन परत आले असते. वडिलांनी पिशवी भरलीही होती.

आता आमच्या कार्यकर्त्यांच्या वहीत श्वासाच्या आकड्याशेजारी तीन नवे रकाने आहेत: आवाज कधीपासून, श्वास आत घेताना की सोडताना, आणि पालथे केल्यावर कमी होतो का. तेव्हापासून असा आवाज असलेली दोन बाळे आम्ही दुर्बीण-तपासणीसाठी पाठवली. दोघांचेही स्वरयंत्र मऊ निघाले, गाठ नव्हती. दोन्ही घरी आहेत आणि दर महिन्याला वजनाला येतात.

ती मुलगी शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी तपासणीला आली. वजन ३ किलो ९०० ग्रॅम. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, कारण अशी गाठ क्वचित पुन्हा भरते. मी टेबलावर चादर घालत होते, तोवर आजीने तिला स्वतःच उताणी ठेवली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.